परजीवी संसर्ग, रोगप्रतिकारक पेशी आणि यकृतातील व्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परजीवींमुळे यकृतात व्रण पडतो, म्हणजे नेमके काय होते?

यकृताच्या ऊतीला वारंवार इजा होत राहिली की तिथे कोलॅजनसारखी तंतुमय प्रथिने साचू लागतात. यालाच येथे व्रण म्हटले आहे; वैद्यकीय भाषेत याला फायब्रोसिस किंवा तंतुमयता म्हणतात. दारू, कावीळ पसरवणारे विषाणू आणि यकृतातील चरबी ही त्याची परिचित कारणे आहेत, परंतु जगाच्या मोठ्या भागात परजीवी कृमी हेही एक प्रमुख कारण आहे. या पानावरील बहुतेक उत्तरे शिस्टोसोमा या रक्तकृमीबद्दल आहेत, कारण प्रतिकारपेशी आणि यकृतातील व्रण यांचा संबंध या आजारात जितका तपशिलाने अभ्यासला गेला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही परजीवी आजारात क्वचितच अभ्यासला गेला असेल. इतर परजीवींचा उल्लेख पुढे एका प्रश्नात केला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना या आजारासाठी प्रतिबंधात्मक औषधोपचाराची गरज होती आणि त्यांपैकी बहुसंख्य आफ्रिकेत राहणारे होते. यकृतावर परिणाम करणाऱ्या मुख्य जाती तीन : मॅन्सोनाय, जॅपोनिकम आणि मेकाँगी. हीमॅटोबियम ही चौथी महत्त्वाची जात प्रामुख्याने मूत्राशयावर परिणाम करते, त्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही.

कृमी रक्तवाहिनीत राहतात, मग इजा यकृताला कशी होते?

इजा कृमींमुळे होत नाही, त्यांच्या अंड्यांमुळे होते. हा मुद्दा सुरुवातीलाच पक्का केला तर पुढचे सर्व सोपे होते.

गोड्या पाण्यातील गोगलगाईंमधून बाहेर पडणाऱ्या अळ्या माणसाच्या त्वचेतून थेट आत शिरतात, फुप्फुसांमार्गे यकृताच्या रक्तवाहिन्यांत पोहोचतात, तिथे वाढतात आणि नर-मादीची जोडी आतड्याच्या शिरांमध्ये जाऊन स्थिरावते. संसर्गानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी अंडी घालणे सुरू होते. मॅन्सोनाय जातीची एक मादी दिवसाला सुमारे ३०० अंडी घालते, तर जॅपोनिकमची मादी त्याच्या कितीतरी पट. अंड्यांनी आतड्याची भिंत भेदून विष्ठेतून बाहेर पडावे हा कृमीच्या जीवनचक्राचा भाग आहे, परंतु जवळपास निम्मी अंडी बाहेर पडतच नाहीत. आतड्यातील रक्त ज्या मोठ्या शिरेतून यकृताकडे जाते त्या पोर्टल शिरेच्या प्रवाहाबरोबर ती वाहत जातात आणि यकृतातील सर्वांत बारीक शाखांच्या तोंडाशी अडकतात, कारण त्यापुढील मार्ग त्यांच्या आकाराला पुरत नाही.

प्रौढ कृमी मात्र वर्षानुवर्षे रक्तात राहूनही प्रतिकारशक्तीच्या तावडीतून सुटतात. ते यजमानाचीच, म्हणजे ज्याच्या शरीरात राहतात त्याचीच, प्रथिने अंगावर पांघरतात आणि आपले बाह्य आवरण सतत नवे करत राहतात.

अडकलेल्या अंड्याभोवती जी गाठ तयार होते ती प्रत्यक्षात कशी दिसते?

या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. यकृताचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर मध्यभागी लांबट, पिवळसर कवचाचे अंडे दिसते. मॅन्सोनाय जातीचे असेल आणि छेद योग्य ठिकाणी गेला असेल तर त्याच्या कडेला एक ठसठशीत काटाही दिसतो. अंड्याला चिकटून मोठ्या, फिकट रंगाच्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशींचा थर असतो, काही मॅक्रोफेज एकमेकांत विलीन होऊन अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी बनलेल्या असतात. त्याभोवती गुलाबी-नारिंगी कणांनी भरलेल्या इओसिनोफिल पेशींची दाटी, त्यांच्यात विखुरलेल्या लिम्फोसाइट पेशी आणि सर्वांत बाहेर, वर्तुळाकार मांडणीत, कोलॅजनचे तंतू. कालांतराने अंडे मरते, पेशी ओसरतात आणि तंतूंची वर्तुळे तेवढी मागे राहतात.

अशा हजारो गाठी पोर्टल शिरेच्या शाखांच्या कडेने वर्षानुवर्षे तयार होत राहिल्या की प्रत्येक शाखेभोवती पांढरे, जाड वेष्टन तयार होते. सिमर्स या विकृतिशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये कैरो येथील शवविच्छेदनांवरून याचे वर्णन केले आणि कापलेल्या यकृतातील हे आडवे छेद मातीच्या चिलमीच्या पांढऱ्या दांड्यांसारखे दिसतात असे नोंदवले. तेच नाव आजही प्रचलित आहे.

गाठ हानिकारक असेल तर शरीर ती बांधतेच कशाला?

गाठ बांधली नाही तर अधिक वाईट होते, म्हणून. अंड्याच्या आतील अळी साधारण दोन-तीन आठवडे जिवंत असते आणि कवचातील सूक्ष्म छिद्रांतून सतत प्रथिने स्रवत असते. त्यांपैकी ओमेगा-१ सारखी काही प्रथिने यकृतपेशींसाठी विषारी असतात. ज्या उंदरांमध्ये टी-पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) नसतात त्यांच्या यकृतात अंड्यांभोवती नीट गाठी तयार होत नाहीत, परंतु आसपासच्या यकृतपेशी मोठ्या प्रमाणावर मरतात आणि हे प्राणी निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या उंदरांपेक्षा लवकर दगावतात. ग्रॅन्युलोमा हे या विषाभोवती घातलेले कुंपण आहे आणि तंतुमयता ही त्या कुंपणाची किंमत.

यात कृमीचाही स्वार्थ आहे. टी-पेशी नसलेल्या उंदरांच्या विष्ठेतून अंडी कमी बाहेर पडतात. म्हणजे आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाण्यासाठी अंडी यजमानाच्याच दाहप्रक्रियेचा उपयोग करून घेतात. यकृतात अडकलेल्या अंड्यांना हा दाह काहीच उपयोगाचा नसतो, तिथे फक्त यजमानाचे नुकसान होते.

टी-पेशींची भूमिका नेमकी कोणती?

संपूर्ण प्रतिसादाची दिशा टी-पेशी ठरवतात. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे अंडी घालणे सुरू होण्यापूर्वी, टीएच-१ प्रकारचा (टीएच म्हणजे इतर प्रतिकारपेशींना दिशा देणाऱ्या मदतनीस टी-पेशी) प्रतिसाद असतो आणि त्यात इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन प्रमुख असते. अंडी यकृतात येऊ लागली की चित्र झपाट्याने बदलते. अंड्यांतील ओमेगा-१ हे प्रथिन डेंड्रिटिक पेशींना (टी-पेशींना परक्या पदार्थांची ओळख करून देणाऱ्या पेशींना) अशा प्रकारे प्रभावित करते की त्या नवख्या टी-पेशींना टीएच-२ या दुसऱ्या प्रकारच्या मार्गाला लावतात. अंड्यांचेच दुसरे एक प्रथिन बेसोफिल या पांढऱ्या रक्तपेशींकडून इंटरल्यूकिन-४ (इंटरल्यूकिन म्हणजे प्रतिकारपेशींमधील संदेशवाहक रसायने) बाहेर काढते आणि या कलाला बळ देते. यानंतर इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ यांचे राज्य सुरू होते.

टीएच-२ प्रतिसाद नसलेल्या उंदरांचे काय होते यावरून त्याची गरज कळते. इंटरल्यूकिन-४ नसलेल्या उंदरांना संसर्ग दिला तर त्यांचे वजन झपाट्याने घटते आणि अंडी घालणे सुरू झाल्यानंतर थोड्याच काळात अनेक उंदीर मरतात. त्यांना व्रण मारत नाही, अनियंत्रित दाह मारतो. टीएच-१७ नावाच्या तिसऱ्या गटाबाबतही असेच दिसते : उंदरांच्या काही वाणांमध्ये अंड्यांविरुद्ध टीएच-१७ प्रतिसाद प्रबळ होतो आणि त्यांच्या यकृतातील गाठी आकाराने मोठ्या व आजार अधिक तीव्र असतो.

इंटरल्यूकिन-१३ ला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण व्रणाची सूत्रे मुख्यतः त्याच्या हातात आहेत, हे प्रयोगांनी पुरेशा स्पष्टपणे दाखवले आहे. इंटरल्यूकिन-४ आणि १३ ही जवळची भावंडे असून त्यांचे ग्राहकही (पेशींवरील संदेश स्वीकारणारी प्रथिने, म्हणजे रिसेप्टर) काही अंशी समाईक आहेत, त्यामुळे दोघांपैकी कोण काय करते हे बराच काळ सुटत नव्हते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संसर्ग झालेल्या उंदरांना इंटरल्यूकिन-१३ शोषून घेणारे एक विरघळणारे प्रथिन देण्यात आले. गाठींचा आकार फारसा बदलला नाही, परंतु कोलॅजनचे प्रमाण लक्षणीय घटले. दाह आणि व्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाला हात न लावता दुसरी कमी करता येते, हा या प्रयोगाचा खरा धडा मला वाटतो.

त्यानंतरच्या संशोधनातून असेही दिसले की या आजारात इंटरल्यूकिन-१३ ला टीजीएफ-बीटा या रसायनाची गरज नसते. यकृताच्या इतर बहुतेक विकारांत टीजीएफ-बीटा हाच व्रणाचा मुख्य चालक मानला जातो, त्यामुळे दारू किंवा विषाणूंमुळे होणाऱ्या तंतुमयतेविषयीची माहिती जशीच्या तशी येथे लागू करणे धोक्याचे आहे.

शरीराकडे यावर स्वतःचा लगामही आहे. इंटरल्यूकिन-१३ ला घट्ट पकडणारा पण पुढे संदेश न देणारा एक फसवा ग्राहक पेशींवर आणि रक्तात आढळतो. हा ग्राहक नसलेल्या उंदरांमध्ये व्रण वाढत जातो.

कोलॅजन प्रतिकारपेशीच बनवतात का?

नाही. ते काम मुख्यतः यकृतातील स्टेलेट पेशी करतात. एरवी त्या जीवनसत्त्व ‘अ’ साठवून शांत बसलेल्या असतात, योग्य संदेश मिळाला की त्यांचे रूपांतर मायोफायब्रोब्लास्टमध्ये होते आणि त्या कोलॅजन तयार करू लागतात. पोर्टल शिरांच्या भोवतालचे फायब्रोब्लास्टही यात सहभागी होतात.

मॅक्रोफेज पेशी व्रण वाढवतात की कमी करतात?

दोन्ही. कोणत्या मॅक्रोफेज आणि कोणत्या वेळी, यावर उत्तर अवलंबून आहे. या प्रश्नावर थोडे थांबणे योग्य ठरेल, कारण लोकप्रिय लेखांमध्ये या पेशींची ‘एम-१ (दाह वाढवणाऱ्या) वाईट, एम-२ (दुरुस्ती करणाऱ्या) चांगल्या’ किंवा नेमकी उलट अशी वाटणी केलेली आढळते आणि ती दिशाभूल करते.

यकृतात मुळातच राहणाऱ्या कुप्फर पेशी (याही मॅक्रोफेजच) असतात, परंतु ग्रॅन्युलोमातील बहुतेक मॅक्रोफेज रक्तातून आलेल्या मोनोसाइट पेशींपासून बनतात. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांच्या प्रभावाखाली त्या आर्जिनेज-१ हे विकर (एन्झाइम) मोठ्या प्रमाणावर तयार करतात. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हे विकर जो पदार्थ बनवते त्यातून पुढे प्रोलिन तयार होते आणि प्रोलिन हा कोलॅजनचा महत्त्वाचा घटक आहे. यावरून आर्जिनेज तयार करणाऱ्या मॅक्रोफेज व्रणाला खतपाणी घालतात, असा निष्कर्ष अनेक वर्षे काढला जात होता आणि तो तर्काला धरूनही होता. २००९ मध्ये हा तर्क प्रत्यक्ष तपासला गेला. ज्या उंदरांच्या मॅक्रोफेजमधून आर्जिनेज-१ काढून टाकले होते त्यांच्यात व्रण कमी न होता उलट वाढला. या मॅक्रोफेज आसपासचे आर्जिनिन फस्त करून टी-पेशींची वाढ रोखतात आणि अशा रीतीने टीएच-२ प्रतिसाद आटोक्यात ठेवतात, हे त्यामागचे स्पष्टीकरण आहे.

वेळेचा मुद्दा रसायनाने यकृताला इजा केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत सर्वांत स्पष्ट दिसतो. इजा चालू असताना मॅक्रोफेज नष्ट केल्या तर व्रण कमी होतो. इजा थांबल्यानंतर, यकृत सावरत असताना, त्याच पेशी नष्ट केल्या तर साचलेले कोलॅजन विरघळत नाही, कारण ते कापणारी विकरे मॅक्रोफेजकडूनच येतात.

गाठीत सर्वाधिक संख्या इओसिनोफिलची असते, मग दोषही त्यांचाच नाही का?

उंदरांच्या ग्रॅन्युलोमात साधारण निम्म्या पेशी इओसिनोफिल असतात, त्यामुळे हा संशय स्वाभाविक आहे. परंतु इओसिनोफिल मुळातच नसलेल्या उंदरांमध्ये संसर्ग करून पाहिला असता गाठींचा आकार आणि व्रणाचे प्रमाण यांत फारसा फरक आढळला नाही. एखाद्या ठिकाणी पेशींची गर्दी आहे एवढ्यावरून त्यांचे महत्त्व ठरवता येत नाही. जॅपोनिकम जातीच्या अंड्यांभोवती न्यूट्रोफिल पेशी अधिक असतात, हा दोन जातींतील एक लक्षणीय फरक आहे.

व्रण रोखणाऱ्या पेशी कोणत्या?

नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, सक्रिय झालेल्या स्टेलेट पेशींना ठार करू शकतात आणि इंटरफेरॉन-गॅमा स्रवून त्यांना आवर घालतात. नियामक टी-पेशी आणि काही बी-पेशी इंटरल्यूकिन-१० च्या साहाय्याने एकूण प्रतिसादच मंदावतात. उंदरांमध्ये संसर्गाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास गाठींचा आकार कमाल असतो. नंतर येणाऱ्या नव्या अंड्यांभोवती मात्र लहान गाठी तयार होतात, कारण तोपर्यंत हे नियंत्रण बसलेले असते. इंटरल्यूकिन-४ आणि १० ही दोन्ही नसलेल्या उंदरांपैकी जवळजवळ एकही वाचत नाही.

माझ्या मते या आजाराचे भवितव्य प्रतिसाद किती जोरात सुरू झाला यापेक्षा तो वेळेवर ओसरला की नाही यावर अधिक ठरते.

संसर्ग अनेकांना होतो, मग तीव्र व्रण थोड्यांनाच का होतो?

संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांमध्ये यकृत आणि प्लीहेचा गंभीर आजार विकसित होतो आणि त्याला बहुधा ५ ते १५ वर्षे लागतात. शरीरातील कृमींची संख्या आणि संसर्गाचा कालावधी यांचा त्यात वाटा असतोच, पण सारखाच भार असलेल्या दोन व्यक्तींची यकृते फार वेगळी असू शकतात. सुदानमधील कुटुंबांच्या १९९९ मधील अभ्यासात तीव्र तंतुमयतेचा संबंध सहाव्या गुणसूत्राच्या एका भागाशी जुळला आणि त्या भागात इंटरफेरॉन-गॅमाच्या ग्राहकाचे जनुक आहे. इंटरफेरॉन-गॅमा स्टेलेट पेशींना रोखते हे लक्षात घेतले तर हा धागा प्रयोगशाळेतील निष्कर्षांशी जुळतो.

संसर्गप्रवण भागात जन्मलेल्यांचा आणि बाहेरून आलेल्या प्रवाशांचा प्रतिसादही सारखा नसतो. प्रवाशांमध्ये संसर्गानंतर काही आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर पित्त उठणे आणि रक्तातील इओसिनोफिल वाढणे अशी कातायामा ज्वराची लक्षणे दिसतात. सततच्या संपर्कात वाढलेल्यांमध्ये ती क्वचितच आढळतात.

हे सिऱ्होसिसच आहे का?

नाही, आणि हा फरक उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सिऱ्होसिसमध्ये यकृताची संपूर्ण रचना मोडते आणि यकृतपेशींचे कार्यही ढासळते. येथे व्रण पोर्टल शिरांच्या भोवती असतो आणि यकृतपेशींचे खंड बऱ्याच अंशी शाबूत राहतात. त्यामुळे रक्तातील यकृताच्या नेहमीच्या चाचण्या दीर्घकाळ सर्वसाधारण येऊ शकतात आणि रुग्ण प्रथमच रुग्णालयात येतो तो रक्ताची उलटी झाल्यावर. पोर्टल शिरेतील दाब वाढल्यामुळे अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असतात, त्या फुटतात. प्लीहा वाढते, पुढच्या टप्प्यात जलोदर होतो.

व्रणाचा अंदाज घेण्यासाठी पोटाची सोनोग्राफी हे सर्वांत उपयुक्त साधन आहे. शिरांभोवतीची जाड पांढरी वलये तिच्यात स्पष्ट दिसतात. मात्र त्याच रुग्णाला हेपॅटायटिस बी किंवा सी असेल तर दोन्ही आजारांचे परिणाम एकमेकांत मिसळतात. इजिप्तमध्ये हे दुर्दैवाने मोठ्या प्रमाणावर घडले : १९५० ते १९८० च्या दशकांत याच कृमीवरील अँटिमनीच्या इंजेक्शनांच्या मोहिमांत सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यातून हेपॅटायटिस सी पसरला.

औषधाने कृमी मेल्यावर व्रण भरून येतो का?

प्राझिक्वांटेल हे औषध प्रौढ कृमींना मारते. अपरिपक्व कृमींवर त्याचा परिणाम कमी असतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागू शकते. यकृतात आधीच अडकलेली अंडी आणि तयार झालेले कोलॅजन यांवर त्याचा थेट परिणाम नाही, परंतु नवी अंडी येणे थांबले की वर वर्णन केलेली दुरुस्तीची यंत्रणा काम करू शकते. मुलांमध्ये आणि सौम्य तंतुमयता असलेल्यांमध्ये उपचारानंतर काही महिने ते वर्षांत सोनोग्राफीवर सुधारणा दिसल्याच्या नोंदी आहेत. जुना, घट्ट विणलेला व्रण मात्र फारसा हलत नाही. म्हणून लवकर आणि गरजेनुसार पुन्हा उपचार करण्यावर भर दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सामूहिक उपचाराची शिफारस दोन वर्षांच्या मुलांपासून पुढे सर्वांसाठी विस्तारली. उपचार आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवाव्यात.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देऊन व्रण टाळता येणार नाही का?

सरसकट दाबणे योग्य नाही, याचे कारण टी-पेशी नसलेल्या उंदरांच्या उदाहरणात आले आहे. स्टेरॉइड कातायामा ज्वरात किंवा मेंदू व मज्जारज्जूच्या संसर्गात मर्यादित काळासाठी दिली जातात. यकृतातील जुन्या व्रणासाठी ती उपयोगी नाहीत. एचआयव्ही बाधितांमध्ये, ज्यांच्या सीडी-४ पेशी (मदतनीस टी-पेशी) कमी झाल्या होत्या, विष्ठेतून कमी अंडी बाहेर पडतात असे केनियातील अभ्यासात दिसले. प्रतिकारशक्ती कमकुवत असल्यास विष्ठेच्या तपासणीत अंडी कमी दिसली म्हणून संसर्ग हलका आहे, असे मानू नये.

नेमके इंटरल्यूकिन-१३ रोखणारी प्रतिपिंडे आज त्वचेच्या एक्झिमासाठी वापरात आहेत. फुप्फुसांच्या तंतुमयतेवर मात्र अशा औषधांच्या चाचण्यांत अपेक्षित लाभ मिळाला नाही. उंदरांच्या यकृतात जे साधले ते माणसात साधेलच असे धरून चालता येत नाही, शिवाय ही औषधे महाग असल्यामुळे ज्या भागांत हा आजार आहे तिथे ती पोहोचणेही अवघड आहे.

इतर परजीवींच्या बाबतीतही हेच घडते का?

अंशतः. ऑपिस्थॉर्किस आणि क्लोनॉर्किस हे यकृतकृमी पित्तनलिकांमध्ये राहतात. तिथला दीर्घकालीन दाह नलिकांभोवती तंतुमयता निर्माण करतो आणि पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. इकायनोकॉकस ग्रॅन्युलोससच्या जलकोशाभोवती शरीर जाड तंतुमय कवच तयार करते आणि तेथे ते बव्हंशी हितकारक ठरते. मल्टिलोक्युलॅरिस ही त्याचीच दुसरी जात मात्र गाठीसारखी यकृतात पसरत जाते. तिच्याभोवती दाट तंतुमय ऊती तयार होते, पण प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांमध्ये, उदाहरणार्थ अवयव प्रत्यारोपणानंतर, ही वाढ अधिक वेगाने होते. त्यामुळे अशा रुग्णांना परजीवीविरोधी औषध दीर्घकाळ चालू ठेवावे लागते आणि यकृताची तपासणीही नियमित करावी लागते.